ताप उतरल्यानंतरचे तीन महिने

लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली असतात, पाळणा हलत नसतो. बायकोच्या रक्ततपासण्या, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे सगळं होऊन जातं आणि मग बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर नवरा वीर्यतपासणीला तयार होतो. रिपोर्ट येतो: संख्या कमी, हालचाल मंद. त्या एका कागदाने घरातलं वातावरण पार बदलून जातं. कुणी आयव्हीएफचे दर विचारायला लागतं, कुणी गावाकडच्या वैद्याचा नंबर काढतं, तर नवरा कुणाशी बोलेनासाच होतो. अशा वेळी एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. गेल्या तीन महिन्यांत तुम्हाला ताप येऊन गेला होता का? फ्लू, कोविड किंवा सर्दी-खोकल्याबरोबर दोन-तीन दिवस अंग फणफणवणारा ताप?

उत्तर ‘हो’ असेल, तर त्या रिपोर्टवर इतक्यात शिक्कामोर्तब करू नका. हा लेख त्यासाठीच आहे.

वीर्याचा नमुना आज दिला, तरी त्यातले शुक्रजंतू आज तयार झालेले नसतात. वृषणातल्या मूळ पेशीपासून शेपटी फुटलेला शुक्रजंतू तयार व्हायला साधारण 64 ते 74 दिवस लागतात. पुढे वृषणाला चिकटून असलेल्या, उलगडली तर सहा मीटरच्या आसपास भरेल अशा एका बारीक गुंडाळलेल्या नळीतून त्याचा प्रवास होतो. पोहायची ताकद त्याला या प्रवासात येते आणि त्यात आठवडा-दोन आठवडे जातात. सगळं मिळून अडीच ते तीन महिने धरा. म्हणजे नवरात्रात दिलेल्या नमुन्यातल्या शुक्रजंतूंची घडण आषाढात सुरू झालेली असते. मधल्या श्रावण-भादव्यात, आपल्याकडे घरोघरी ताप-खोकला चालू असतो त्या दिवसांत, तुम्ही आजारी पडला असाल तर त्याची खूण नवरात्रातल्या रिपोर्टवर उमटू शकते.

ती उमटते कशी, हे समजून घेतलं की बरीच भीती कमी होते. वृषणं शरीराच्या बाहेर, पोटाखाली असतात, कारण शुक्रजंतू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश सेल्सियस कमी तापमान लागतं. अंडकोशाची त्वचा पातळ असते, तिच्याखाली चरबी नसते. उन्हाळ्यात ती सैल सुटते, थंडीत आक्रसते. वृषणाकडे रक्त नेणाऱ्या धमनीभोवती शिरांचं दाट जाळं असतं आणि आत येणारं गरम रक्त या जाळ्यातल्या थंड रक्तामुळे वाटेतच निवतं. एरवी ही व्यवस्था चोख चालते. पण 102 अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ 39 सेल्सियस ताप चढला की सगळं रक्तच तापलेलं असतं. अंडकोश कितीही सैल सुटला तरी आतलं तापमान हवं तितकं खाली येत नाही.

या उष्णतेचा फटका सगळ्या पेशींना सारखा बसत नाही. अगदी मूळच्या पेशी चिवट असतात, साध्या तापाने त्या सहसा मरत नाहीत. नाजूक असतात त्या मधल्या अवस्थेतल्या. एक अवस्था 46 गुणसूत्रांची विभागणी होऊन 23 उरतात ती. दुसरी त्यानंतरची, ज्यात गोल पेशीला शेपटी फुटते आणि तिच्यातला डीएनए अतिशय घट्ट बांधला जातो. तापाच्या दिवशी ज्या पेशी या दोन टप्प्यांत असतात त्यांच्यातल्या पुष्कळ गळून पडतात, काही कशाबशा पुढे जातात पण त्यांच्या डीएनएची बांधणी सैल राहते. म्हणून कधी कधी संख्या बरी दिसते आणि ‘डीएनए फ्रॅगमेंटेशन’ची तपासणी मात्र बिघडलेली येते. इन्फ्लुएन्झाच्या जोरदार तापानंतर असं घडल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात 2000 सालापासून आहे. मूळ पेशी शाबूत राहिल्यामुळे नवी भरती चालूच असते आणि दोन-तीन महिन्यांत गाडी रुळावर येते. निसर्गाची ही केवढी मोठी कृपा आहे!

कोपनहेगनच्या संशोधकांनी 27 निरोगी पुरुषांच्या वीर्याचे नमुने सोळा महिन्यांपर्यंत सतत तपासले आणि 2003 मध्ये निष्कर्ष मांडले. या दोन नाजूक टप्प्यांच्या काळात ज्यांना ताप आला होता, त्यांच्या शुक्रजंतूंची संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटलेली दिसली. ताप जितके दिवस जास्त, तितका परिणाम जास्त. हे सगळे धडधाकट, तरुण पुरुष होते. ज्यांची संख्या मुळात भरपूर असते त्यांना एवढी घट जाणवतही नाही. पण जो काठावर आहे, ज्याला व्हेरिकोसील म्हणजे अंडकोशातल्या फुगलेल्या शिरांचा त्रास आहे, किंवा ज्याचं काम बेकरीच्या भट्टीजवळ, साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी चालतं, त्याचा रिपोर्ट तेवढ्यानेच ‘नॉर्मल’च्या रेघेखाली जाऊ शकतो.

नाक वाहतंय, शिंका येताहेत, घसा खवखवतोय पण ताप नाही, अशा नेहमीच्या सर्दीने शुक्रजंतूंचं काही बिघडतं असं मानायला आधार नाही. तिची काळजी सोडून द्या. काळजी करायची ती 101-102 च्या वर जाणाऱ्या आणि दोन-तीन दिवस टिकणाऱ्या तापाची, मग तो फ्लूचा असो, स्वाइन फ्लूचा असो, की श्वसनाशी संबंध नसलेल्या डेंग्यू-मलेरियाचा. वृषणाला तापमान कळतं, विषाणूचं नाव कळत नाही.

कोविडबद्दल मात्र थोडं अधिक सांगायला हवं, कारण त्याच्या नावाने 2020-21 मध्ये फार घाबरवलं गेलं. हा विषाणू ज्या एसीई-2 नावाच्या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, ते वृषणातल्या पेशींवरही असतं. त्यामुळे तो तिथे घर करून बसेल की काय, अशी शंका येणं साहजिक होतं. वुहानमध्ये कोविडने दगावलेल्या पुरुषांच्या वृषणांच्या तपासणीत शुक्रजंतूंना पोसणाऱ्या पेशी सुजलेल्या आणि टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी कमी झालेल्या दिसल्या. पण हे अत्यवस्थ होऊन गेलेले रुग्ण होते. घरी राहून बऱ्या झालेल्यांचं चित्र पुष्कळच वेगळं आहे. बेल्जियममध्ये कोविडमधून बऱ्या झालेल्या 120 पुरुषांच्या वीर्यात विषाणू सापडला नाही. आजारानंतर महिन्याभराच्या आत तपासलेल्यांपैकी 60 टक्के पुरुषांच्या शुक्रजंतूंची हालचाल मंदावलेली होती. दोन महिन्यांनंतर तपासलेल्यांत हेच प्रमाण 28 टक्के होतं. पाटण्याच्या एम्समध्ये 30 पुरुषांची तपासणी दोनदा झाली, एकदा आजारात आणि पुन्हा 74 दिवसांनी. तिथेही वीर्यात विषाणू नव्हता. पहिल्या वेळी बिघडलेली मोजमापं दुसऱ्या वेळी बरीच सुधारली होती, पण सगळ्यांची पूर्ण पूर्ववत झालेली नव्हती. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं. अडीच महिने हा सरासरीचा हिशोब आहे. रुग्णालयात दाखल व्हावं लागलं असेल, ऑक्सिजन लागला असेल, स्टेरॉइड घ्यावी लागली असतील, वजन उतरलं असेल, तर शरीराला सावरायला आणखी काही महिने द्यावे लागतात.

अमेरिका आणि कॅनडातल्या, मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या दोन हजारांहून अधिक जोडप्यांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषाला कोविड होऊन 60 दिवस उलटले नसतील तर त्या महिन्यांत दिवस राहण्याची शक्यता काहीशी कमी दिसली, त्यानंतर हा फरक उरला नाही. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या जोडप्यांमध्ये तर काहीच फरक आढळला नाही. लस घेतल्याने नपुंसकत्व येतं ही अफवा इतकी पसरली होती की जानेवारी 2021 मध्ये देशाच्या औषध महानियंत्रकांना ती जाहीरपणे खोडून काढावी लागली. पोलिओच्या थेंबांच्या वेळीही हेच झालं होतं. मला या अफवांचा राग येतो, कारण त्यांची किंमत मोजणारी माणसं गरीब असतात. फ्लूची किंवा कोविडची लस घेतल्यावर एखादा दिवस कणकण येते, पण लस ज्या चार-पाच दिवसांच्या तापापासून वाचवते त्यापुढे ती कणकण काहीच नाही.

ज्या विषाणूने खरोखर कायमचं नुकसान होऊ शकतं, त्याची मात्र आपल्याकडे पुरेशी धास्ती नाही. तो म्हणजे गालगुंड. खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून पसरणारा, कानाखालच्या ग्रंथी सुजवणारा हा आजार लहान मुलांना होतो आणि आठवड्याभरात जातो, म्हणून घरचे त्याला फारसं मोजत नाहीत. लहान मुलांपुरतं ते बरोबरही आहे. पण वयात आलेल्या मुलाला किंवा पुरुषाला गालगुंड झालं, तर 15 ते 30 टक्क्यांमध्ये विषाणू थेट वृषणात उतरतो. गाल सुजल्यानंतर चार ते आठ दिवसांनी, बरं वाटायला लागलेलं असताना, पुन्हा ताप चढतो आणि एका बाजूचं वृषण लाल होऊन सुजतं, हात लावू देत नाही. वृषणाभोवतीचं आवरण ताणत नाही, त्यामुळे आतल्या सुजेचा दाब शुक्रजंतू बनवणाऱ्या नलिकांवरच पडतो. सूज आलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचं ते वृषण नंतर कमी-अधिक आक्रसतं. बहुतेकांच्या बाबतीत एकच बाजू धरली जाते आणि दुसरी काम निभावून नेते, म्हणून पूर्ण वंध्यत्व क्वचितच येतं. दोन्ही बाजू धरल्या तर मात्र धोका मोठा.

आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात बाळाला गोवर आणि रुबेलाची एमआर लस दिली जाते. गालगुंडाची लस तिच्यात नाही. गालगुंडासह तिन्हींची एमएमआर लस बालरोगतज्ज्ञांकडे स्वतः पैसे भरून घ्यावी लागते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना ती नवव्या महिन्यात, पंधराव्या महिन्यात आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान द्यावी असं सांगते. बाळाचं लसीकरण कार्ड आज काढून बघा, त्यावर एमआर लिहिलंय की एमएमआर. मुलगा दहावी-बारावीत असेल, वसतिगृहात राहायला जाणार असेल, लहानपणी गालगुंड झालेलं नसेल आणि एमएमआर घेतल्याची नोंद सापडत नसेल, तर डॉक्टरांशी बोलून चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घेता येतात. ही जिवंत विषाणूची लस असल्याने प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर ती घेऊ नये. माझ्या मते गालगुंडाची लस सरकारी कार्यक्रमात असायला हवी. ती तशी येईपर्यंत ज्याला परवडेल त्याने पोराचा हा डोस चुकवू नये.

इथेच एक गोष्ट बजावून सांगायची आहे. पोराचं वृषण अचानक दुखायला लागलं, तर ‘गालगुंड उतरलं असेल’, ‘क्रिकेट खेळताना लागलं असेल’ म्हणत घरी शेक देत बसू नका. वृषण स्वतःभोवती पिळलं जाऊन त्याचा रक्तपुरवठा तुटला असण्याची शक्यता असते आणि साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तरच ते वाचण्याची खात्री देता येते. पीळ आहे की सूज, हे डॉक्टर तपासून आणि लागलं तर डॉपलर सोनोग्राफी करून सांगतात. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. पोरं लाजेने सांगत नाहीत, म्हणून हे त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता ताप आला असताना काय करायचं ते बघू. आपल्याकडे ताप आला की खिडक्या बंद करायच्या, दोन गोधड्या अंगावर घालायच्या आणि ‘घाम निघाला की उतरेल’ म्हणायचं, अशी पद्धत आहे. हुडहुडी भरली असेल तोवर पांघरूण घ्यावं, पण थंडी ओसरली की काढून टाकावं. सैल सुती कपडे, मोकळी हवा, भरपूर पाणी, पेज, ताक आणि कोमट पाण्याने अंग पुसणं यांनी आराम पडतो. पॅरासिटामॉलची 500 किंवा 650 मिलिग्रॅमची गोळी मोठ्या माणसाने चार ते सहा तासांच्या अंतराने घ्यावी. चोवीस तासांत एकूण 4 ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेत असाल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांमध्ये आणि सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतंच, पाकिटामागे बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं. दोन्ही मिळून दुप्पट डोस पोटात जातो आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांना हात लावू नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. विषाणूच्या तापावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. नाकातोंडाने वाफारा घेतला तर वृषणांना त्रास होत नाही. गरम पाण्याच्या टबात बसून राहणं आणि मांडीवर लॅपटॉप ठेवून आजारपणात तासन्‌तास सिनेमे बघणं तेवढं टाळा.

ताप आला त्या तारखा लिहून ठेवा. मोबाइलमध्ये, कॅलेंडरवर, कुठेही: कधी चढला, सगळ्यात जास्त किती होता, किती दिवस टिकला, औषधं काय घेतली. मूल हवं असलेल्या जोडप्यात पाळीची तारीख लिहिली जाते, मग तापाची का नाही?

या तारखांचा उपयोग कसा होतो, तो एका उदाहरणावरून सांगतो. समजा, 1 ऑगस्टला ताप चढला आणि तीन दिवस राहिला. 8 ऑगस्टला तपासणी केली तर संख्या ठीकच दिसेल, कारण नमुन्यात येणारे शुक्रजंतू ताप येण्याआधीच तयार झालेले असतात. फार तर हालचाल थोडी मंद असेल. त्या रिपोर्टवर निर्धास्त होऊ नये. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत, म्हणजे तिसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या आसपास, मोजमापं सगळ्यात खाली असतात. कधी तर संख्या ‘निल’च्या जवळ जाते. त्या रिपोर्टवर घाबरू नये. नोव्हेंबर लागला की तापाच्या वेळची पेशींची पिढी संपलेली असते. पुढच्या उपचाराचा निर्णय घ्यायचा तो नोव्हेंबरच्या रिपोर्टवर. मधल्या काळात रिपोर्ट खराब आलाच असेल, तर पुन्हा त्याच लॅबमध्ये, तितक्याच दिवसांचा संयम ठेवून तपासणी करावी, म्हणजे तुलना करता येते.

नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस संबंध आणि हस्तमैथुन नको. शक्यतो लॅबच्या खोलीतच द्यावा. घरून न्यायचाच असेल तर डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून, तासाभराच्या आत पोहोचवावी. तेल, साबण, लाळ, साधा निरोध यांचा वापर करू नये. सुरुवातीच्या थेंबांत शुक्रजंतू सगळ्यात जास्त असतात, ते सांडले असतील तर लपवू नका, लॅबवाल्यांना सांगा आणि पुन्हा नमुना द्या. डबीवर नाव, वेळ आणि फॉर्मवर ‘अमुक तारखेला ताप’ असं स्वतःहून लिहा.

हातात पडलेला कागद वाचतानाही थोडं जपून. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या नियमावलीप्रमाणे दर मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख, एका वेळच्या नमुन्यात एकूण 3 कोटी 90 लाख, एकूण हालचाल 42 टक्के आणि योग्य आकाराचे शुक्रजंतू 4 टक्के या खालच्या मर्यादा आहेत. ‘फक्त 4 टक्केच चांगले?’ म्हणून पुरुष हादरतात, पण तेवढे पुरेसे असतात. हे आकडे आले कुठून, तर ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांच्या मोजमापांवरून. त्यांच्यातलेही 5 टक्के या रेघेच्या खालीच होते आणि तरी बाप झाले. अनेक लॅब अजून 1 कोटी 50 लाख किंवा 2 कोटी हे जुने आकडे छापतात, म्हणून एकाच पुरुषाचा रिपोर्ट एका कागदावर ‘नॉर्मल’ आणि दुसऱ्यावर ‘लो’ होतो.

नैसर्गिकरीत्या प्रयत्न करणाऱ्या जोडप्याने तापानंतर थांबायची गरज नसते. आजारपणात इच्छा कमी होणं, ताठरता न येणं हेही बहुधा तात्पुरतं असतं. अशक्तपणा असतो, टेस्टोस्टेरॉनही थोडे दिवस खाली येतं. बायकोने ते मनाला लावून घेऊ नये आणि नवऱ्याने स्वतःची परीक्षा बघत बसू नये. एखादं विषाणूविरोधी औषध घेतलं असेल तर गर्भधारणेसाठी किती दिवस थांबायचं हे मात्र डॉक्टरांना नक्की विचारा, काही औषधांना तशी अट असते.

आययूआय किंवा आयव्हीएफची तारीख ठरलेली असताना ताप आला तर प्रश्न अवघड होतो. बायकोचं वय तिशीच्या आत असेल, तिच्या बीजांडांचा साठा चांगला असेल, तर तीन महिने पुढे ढकलणं शहाणपणाचं. तिचं वय पस्तिशीच्या पुढे असेल किंवा एएमएच, म्हणजे बीजांडांचा साठा दाखवणारं संप्रेरक, कमी असेल, तर तिचे तीन महिने नवऱ्याच्या तीन महिन्यांपेक्षा महाग असतात. तेव्हा न थांबता पुढे जावं का, आधी गोठवून ठेवलेला नमुना वापरावा का, बीजांडं काढून गोठवावीत का, हे डॉक्टरांशी समोरासमोर बसून ठरवावं. त्यासाठी तापाची गोष्ट त्यांना माहीत असायला हवी. ‘सायकल रद्द होईल’ या भीतीने ताप लपवणारी जोडपी लाखो रुपये पणाला लावतात, आणि त्या इंजेक्शनांचा त्रास सोसते ती बाई.

या तीन महिन्यांत औषधांच्या दुकानात आणि जाहिरातींत पुष्कळ प्रलोभनं असतात. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘मर्दानगी’च्या पत्रकांपासून ते इन्स्टाग्रामवरच्या पावडरींपर्यंत सगळे तुमच्या काळजीवर टपलेले आहेत. जिंकच्या गोळ्या कोविडच्या काळात घरोघर खाल्ल्या गेल्या. अमेरिकेत 2,370 जोडप्यांमधल्या पुरुषांना सहा महिने जिंक आणि फॉलिक अ‍ॅसिड देऊन पाहिलं, 2020 मध्ये निकाल आला: शुक्रजंतू सुधारले नाहीत आणि मुलं होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. यापेक्षा मोठा धोका जिममध्ये मिळणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांचा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी वृषणाला आदेश देणं थांबवते आणि शुक्रजंतू बनणं बंद पडतं. इंजेक्शन थांबवल्यावर ते पुन्हा सुरू व्हायला सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहूनही जास्त लागतं. आजारपणानंतर अंग भरावं म्हणून कुणी हे सुचवलं तर स्पष्ट नकार द्या. गुटखा, तंबाखू, सिगारेट सोडायला मात्र हे तीन महिने अगदी योग्य आहेत, कारण नवी पिढी आत्ताच घडते आहे. सोबत पुरेशी झोप आणि घरचं साधं जेवण. प्रोटीन पावडर नको, उसळ आणि भाकरी पुरे.

तीन महिने उलटून गेले, दुसरा रिपोर्टही खालीच आला, तर दोष तापावर ढकलत बसू नका. मग कारण दुसरं आहे आणि ते शोधायला हवं. मूत्ररोगतज्ज्ञ किंवा पुरुष वंध्यत्वावर काम करणाऱ्या डॉक्टरांकडे जा. ते आधी हाताने तपासतील: वृषणांचा आकार, व्हेरिकोसील, शुक्रवाहिनी लागते की नाही. पाठोपाठ एफएसएच, टेस्टोस्टेरॉन अशा संप्रेरकांच्या तपासण्या आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी. दोन्ही वेळा ‘निल’ आलं असेल तर गुणसूत्रांची तपासणीही सांगतील. मूल न होण्यात निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाचा काही ना काही वाटा असतो आणि त्यातल्या बऱ्याच कारणांवर आज उपचार आहेत, अगदी वृषणातून सुईने शुक्रजंतू काढून इक्सी, म्हणजे तो थेट बीजांडात सोडण्यापर्यंत. प्रयत्न सुरू करून वर्ष झालं असेल, किंवा बायको पस्तिशीपुढची असून सहा महिने झाले असतील, तर हे डॉक्टर गाठायला उशीर करू नका. जाताना दोन्ही रिपोर्ट, तापाच्या तारखा, घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि लहानपणी गालगुंड झालं होतं का हे आईला विचारून घेतलेलं उत्तर सोबत असू द्या.